कुंपणच शेत खातंय, मग त्याला खत कशाला?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४३ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शिक्षिका आहेत. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांना खूप थकवा आला, अन्नावरची वासना गेली आणि डोळे पिवळे झाले. बिलिरुबिन ६.४, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) ७८०. हेपॅटायटिस ए आणि ई निगेटिव्ह. आयजीजी (एक प्रकारची प्रतिपिंडं) २,६४० (वरची मर्यादा १,६००), एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. यकृताची बायोप्सी झाली आणि ‘ऑटोइम्यून हेपॅटायटिस’ (प्रतिकारशक्तीच आपल्या यकृतावर हल्ला करते तो आजार) असं निदान झालं. रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं. ते कमी होत होत आता १० वर आलं आहे (५ सकाळी, ५ रात्री). सोबत अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) ५० मिलिग्रॅम आहे. पाच महिन्यांनी एसजीपीटी ३८, बिलिरुबिन ०.८. पण वजन सात किलोंनी वाढलं, चेहरा गोल झाला, रात्री झोप लागत नाही. सासूबाईंचं म्हणणं, ‘स्टेरॉइडने अंगातली ताकद मरते, लिव्हर भरून कशी यायची? पुन्हा गुळवेल सुरू कर.’ आजाराच्या आधी आठ-नऊ महिने पत्रलेखिका रोज सकाळी काढा घेत होत्या, सासूबाईंनी वीतभर गुळवेलीचं कांडं ठेचून, उकळून दिलेला. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. त्यांचे प्रश्न तीन. प्रतिकारशक्ती दाबून यकृत बरं कसं होणार? रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग गोळ्या आता बंद का करू नयेत? काढा परत घ्यावा का? शेवटी त्या लिहितात, ‘माझ्या सख्ख्या भावाला हेपॅटायटिस बी आहे. त्याला डॉक्टर एकही गोळी देत नाहीत, फक्त तपासण्या करतात. मलाच एवढी औषधं का?’

ताई,

तुमचे तीन प्रश्न जरा बाजूला ठेवू, कारण पत्राची शेवटची ओळ त्यांच्यापेक्षा तातडीची आहे. आज संध्याकाळी फाइल काढा आणि हेपॅटायटिस बी च्या दोन तपासण्यांची नावं शोधा: ‘एचबीएसएजी’ आणि ‘अँटी-एचबीसी टोटल’. स्टेरॉइड सुरू करण्याआधी या दोन्ही करायच्या असतात, त्यामुळे त्या झालेल्या असण्याची शक्यता बरीच आहे. पण तुम्ही ए आणि ई लिहिलंत, बी लिहिलं नाहीत. हेपॅटायटिस बी आपल्याकडे पुष्कळदा जन्माच्या वेळी आईकडून किंवा अगदी लहानपणी घरातच लागतो, म्हणून सख्ख्या भावाला तो असेल तर बहिणीची तपासणी व्हायलाच हवी. फाइलमध्ये यांपैकी एकही नाव सापडलं नाही, तर डॉक्टरांना फोन करून भावाबद्दल सांगा आणि याच आठवड्यात रक्त द्या. दरम्यान गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा. असं का, ते पुढे भावाबद्दल बोलताना येईल.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांनी विचारलंय ते अगदी रास्त आहे. त्यामागे एक समजूत आहे आणि ती त्यांची एकटीची नाही, २०२० पासून प्रत्येक घरात शिरली आहे. ती अशी की प्रतिकारशक्ती म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी. पातळी खाली गेली की आजार येतो, काढा-चूर्णाने टाकी भरली की माणूस सुरक्षित. ही समजूत खरी असती तर स्टेरॉइड म्हणजे टाकीला भोक पाडणंच झालं असतं.

पण प्रतिकारशक्ती ही एकच एक वस्तू नाही. ती निरनिराळ्या पेशींची मोठी फौज आहे. काही पहारा देतात, काही मारतात, काही मारणाऱ्यांना आवरतात, काही नंतरची साफसफाई करतात. आजार अनेकदा फौज लहान पडल्याने होत नाही, माणूस ओळखण्यात चूक झाल्याने होतो. तुमच्या बाबतीत तसंच झालंय. आपल्याकडे म्हणतातच की कुंपणच शेत खातंय. अशा कुंपणाला खत घालून ते आणखी वाढवायचं का, हा खरा प्रश्न आहे.

हे यकृतातच का घडतं, ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. यकृताला मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त मिळतं आणि त्यातला साधारण तीन-चतुर्थांश वाटा आतड्याकडून पोर्टल शिरेतून येतो. म्हणजे दुपारी खाल्लेल्या भाजी-भाकरीचे सूक्ष्म अंश, आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे, औषधं, सगळं आधी यकृताच्या दारात. या प्रत्येक परक्या गोष्टीवर पहारेकरी तुटून पडले असते तर प्रत्येक जेवणानंतर यकृताला सूज आली असती. म्हणून यकृतातल्या पेशींना सोसायची सवय असते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून कुप्फर पेशी बसलेल्या असतात. शरीरातल्या एका जागी ठाण मांडून राहणाऱ्या भक्षक पेशींपैकी ८० टक्क्यांहून जास्त इथे असतात. त्या कचरा गिळतात आणि एकीकडे आजूबाजूच्या टी पेशींना (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) ‘शांत राहा’ असे रासायनिक निरोप देत राहतात. सोसण्याचा हा गुण किती खोल आहे, ते १९६९ मध्ये केंब्रिजच्या रॉय कॅल्न यांच्या चमूने दाखवलं: एका डुकराचं यकृत दुसऱ्याला बसवलं तर पुष्कळदा ते प्रतिकार दाबणाऱ्या औषधांशिवायही टिकलं. मूत्रपिंडाच्या बाबतीत असं होत नाही.

यकृताची दुसरी खासियत मात्र घातक ठरू शकते. बहुतेक अवयवांत रक्तातली टी पेशी आणि अवयवाची पेशी यांच्यामध्ये नीट विणलेला पडदा असतो. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चाळणीसारखी भोकं असतात आणि त्यामागे सलग अस्तर नसतं. रक्तातली टी पेशी त्या भोकांतून यकृतपेशीला थेट हात लावू शकते. संयम शाबूत आहे तोवर याने काही बिघडत नाही. संयम सुटला की मारणारा आणि मरणारा यांच्यात आडभिंत उरत नाही.

तुमच्या बायोप्सी रिपोर्टमधले तीन शब्द तुम्ही लिहून पाठवलेत आणि अर्थ विचारलात. तेच जवळून पाहू.

‘इंटरफेस हेपॅटायटिस’. सूक्ष्मदर्शकाखाली यकृत शेतांच्या तुकड्यांसारखं दिसतं. तुकड्यांच्या कोपऱ्यांत पोर्टल शिरेच्या, धमनीच्या आणि पित्तनलिकेच्या बारीक फांद्या एकत्र जातात आणि त्यांच्याभोवती यकृतपेशींची एक सरळ ओळ असते, बांधासारखी. निरोगी यकृतात हा बांध रेघ मारल्यासारखा स्वच्छ दिसतो. तुमच्या तुकड्यात लिम्फोसाइट पेशींनी (टी आणि बी पेशी याच गटातल्या) तो कुरतडला आहे आणि त्या आतल्या शेतात शिरल्या आहेत. बांधालाच इंटरफेस म्हणतात.

‘प्लाझ्मा सेल्स’. मदतनीस टी पेशींनी भडकवलं की बी पेशी प्लाझ्मा पेशी होतात आणि प्रतिपिंडं ओतू लागतात. तुमचं आयजीजी २,६४० वर गेलं ते याच कारखान्याचं उत्पादन. एएनए हाही त्याचाच माल. मात्र थेट मारण्याचं काम प्रामुख्याने टी पेशी करतात. सीडी८ जातीच्या टी पेशी यकृतपेशीला चिकटतात, तिच्या पडद्याला छिद्र पाडणारं प्रथिन सोडतात आणि त्यातून आत विकरं ढकलतात. पेशी फुटली की आतलं एसजीपीटी रक्तात सांडतं. ७८० हा आकडा म्हणजे त्या आठवड्यात फुटलेल्या पेशींची सांडलवंड.

‘रोझेट’. मार खाऊन उरलेल्या यकृतपेशी फुलाच्या पाकळ्यांसारख्या गोल जमून पुन्हा वाढू पाहतात. नावाला घाबरू नका. तुमचं यकृत त्याही वेळी भरून यायचा प्रयत्न करत होतं, असं तो शब्द सांगतो.

त्याच रिपोर्टच्या खाली फायब्रोसिसबद्दल, म्हणजे यकृतातल्या वणांबद्दल, एक ओळ असेल: एफ१, एफ२ किंवा शब्दांत ‘पोर्टल फायब्रोसिस’ असं काही. तुम्ही ती लिहिली नाहीत. ती शोधा, महत्त्वाची आहे. यकृतात ताऱ्याच्या आकाराच्या स्टेलेट पेशी असतात आणि एरवी त्या ‘अ’ जीवनसत्त्व साठवत निवांत बसतात. (१८७६ मध्ये कार्ल फॉन कुप्फर यांनी पाहिल्या त्या खरं तर याच तारापेशी. भक्षक पेशींशी त्यांची गल्लत झाली आणि ती जपानी शास्त्रज्ञ वाके यांनी १९७१ मध्ये निस्तरली. नाव मात्र भक्षक पेशींना चिकटलं ते चिकटलंच.) दाह लांबला की भडकलेल्या भक्षक पेशी तारापेशींना निरोप धाडतात आणि त्या जीवनसत्त्व टाकून देऊन चिवट तंतू विणू लागतात. हे वण वाढत गेले की सिरोसिस. याला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच बायोप्सीत बराच फायब्रोसिस दिसला तर आजार डोळे पिवळे होण्याच्या कितीतरी आधी आत सुरू झाला होता असं समजतात.

तर मग प्रतिकार दाबून यकृत बरं कसं होतं? यकृत भरून काढायचं काम मुख्यतः यकृतपेशी स्वतः करतात, दुभंगून. त्यासाठी आधी मारामारी थांबायला हवी. प्रेडनिसोलोन पेशींच्या केंद्रकात जाऊन दाह पेटवणाऱ्या प्रथिनांची जनुकं मिटवतं, त्यामुळे दिवसा-आठवड्यांत फरक दिसतो. अ‍ॅझाथायोप्रिन वेगाने दुभंगणाऱ्या लिम्फोसाइटना नवं डीएनए बनवू देत नाही. म्हणजे नवी कुमक थांबते, पण पूर्ण परिणाम यायला दोन-तीन महिने लागतात. आणि गंमत बघा, दाह ओसरला की त्याच भक्षक पेशींतल्या काही आपलं काम बदलतात: मेलेल्या पेशी उचलतात आणि तयार झालेले तंतू विरघळवणारी विकरं सोडतात. पुरेशी वर्षं दाह शांत राहिला तर फायब्रोसिस मागे हटल्याचं बायोप्सीत दिसलेलं आहे. सासूबाई म्हणतात ती ‘भरून येण्याची ताकद’ आहेच. औषधं तिला मोकळं रान देत आहेत.

या औषधांशिवाय काय होतं, याचंही उत्तर आहे. १९७१ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच रुग्णांचे दोन गट केले. प्रेडनिसोलोन मिळालेल्या गटात मृत्यू स्पष्टपणे कमी झाले. आज हा आजार औषधाने आटोक्यात राहणाऱ्या मोजक्या यकृतरोगांत गणला जातो तो तेव्हापासून.

आता तुमचा भाऊ. त्याला गोळ्या नाहीत आणि तुम्हाला एवढ्या, हा अन्याय वाटतो खरा. पण दोन्ही यकृतांत प्रश्न एकाच फौजेचा आहे, फक्त बाजू वेगळी. हेपॅटायटिस बी चा विषाणू यकृतपेशीत राहतो आणि वाढतो, पण साधारणपणे स्वतः पेशीला मारत नाही. मारतात त्या विषाणू ओळखणाऱ्या सीडी८ टी पेशी. म्हणून बाळपणी, फौज अजून शिकत असताना तो लागला तर ती त्याला घरचाच समजते: नवजात बाळाला लागण झाली तर सुमारे ९० टक्क्यांत तो कायमचा मुक्काम ठोकतो, निरोगी प्रौढाला झाली तर ५ टक्क्यांहून कमी वेळा. अशा माणसाच्या रक्तात विषाणू भरपूर असूनही एसजीपीटी वर्षानुवर्षं नॉर्मल असू शकतं. फौज कधी जागी होते ते पाहत राहणं, दर सहा महिन्यांनी एसजीपीटी, विषाणूचं प्रमाण आणि गरजेनुसार सोनोग्राफी, हाच त्याच्या त्या टप्प्यातला उपचार आहे. पुढे दाह किंवा फायब्रोसिस दिसला की त्यालाही गोळ्या सुरू होतील. ‘डॉक्टर काही देत नाहीत’ म्हणून त्याने तपासण्या सोडल्या नाहीत ना, हेही एकदा विचारा.

सुरुवातीला एवढी घाई केली ती यामुळेच. बी चा विषाणू अंगात असलेल्या माणसाने स्टेरॉइड घेतलं तर पहारा ढिला पडून विषाणू मोकाट वाढतो आणि पुढे डोस कमी केला की जागी झालेली फौज विषाणूने भरलेल्या पेशींवर एकदम तुटून पडते. हा भडका जीवघेणा होऊ शकतो. टाळायला मात्र सोपा आहे: एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघालं तर स्टेरॉइडसोबत विषाणूला आवरणारी एंटेकॅविर किंवा टेनोफोविरची रोज एक गोळी. नुसतं अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर गोळी द्यायची की ठरावीक काळाने तपासायचं, ते डॉक्टर डोस पाहून ठरवतात. दोन्ही निगेटिव्ह असतील तर बी ची लस घ्या. हे पत्र वाचणाऱ्या आणि कुठल्याही कारणाने, दम्यासाठी, सांधेदुखीसाठी, किडनीसाठी, महिनाभराहून जास्त स्टेरॉइड घेणार असलेल्या प्रत्येकाला हीच विनंती: आधी या दोन तपासण्या.

दुसरा प्रश्न, आता बंद का करू नये. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत, त्या सुट्या करू.

पहिली आहे झटक्यात बंद करण्याची. ती करूच नका. तीन आठवड्यांहून जास्त काळ बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपलं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) बनवणं कमी करतात. तुम्ही पाच महिने घेत आहात. अचानक थांबलात तर उलट्या, कमालीचा अशक्तपणा, रक्तदाब कोसळणं, असं होऊ शकतं. १० वरून खाली येताना साधारण अडीच मिलिग्रॅमची पायरी, प्रत्येक पायरीवर काही आठवडे आणि पुढची उतरण्याआधी एसजीपीटी, हा नेहमीचा रस्ता. पायऱ्या किती आणि कधी, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. जुलाब-उलट्यांमुळे गोळी पोटात टिकली नाही तर ‘उद्या घेऊ’ म्हणू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि स्टेरॉइड चालू असल्याचं आधी सांगा. तशी चिठ्ठी पर्समध्ये ठेवा. दात काढायचा असेल, शस्त्रक्रिया असेल, तेव्हाही सांगा.

दुसरी गोष्ट सगळेच उपचार थांबवण्याची. इथे ‘रिपोर्ट नॉर्मल’ या शब्दांकडे जरा रोखून पाहू. या आजारात आराम पडला असं म्हणायला एसजीपीटी, एसजीओटी (तसंच दुसरं विकर) आणि आयजीजी, तिन्ही नॉर्मल हवेत आणि तेही पहिल्या सहा महिन्यांत. तुमचं एसजीपीटी ३८ आहे. प्रयोगशाळेच्या मर्यादेत बसतं, पण बायकांमध्ये खरं निरोगी एसजीपीटी साधारण २५ च्या आत असतं. आणि आयजीजी? पहिल्यानंतर ते पुन्हा केल्याचं पत्रात नाही. प्लाझ्मा पेशींचा कारखाना अजून चालू आहे की नाही, हे तोच आकडा सांगेल. पुढच्या रक्ताच्या वेळी तो मागून घ्या.

आकडे सुधारले तरी आतला दाह पुढचे काही महिने रेंगाळतो. म्हणून आज जगभर पाळला जाणारा नियम असा: तिन्ही आकडे किमान दोन वर्षं सलग नॉर्मल राहिल्यावरच औषध थांबवण्याचा विचार आणि त्याआधी अनेक तज्ज्ञ पुन्हा बायोप्सी करून पाहतात. एवढी वाट पाहूनही थांबवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत आजार उलटतो, बहुतेकदा पहिल्या वर्षभरात. दर वेळी उलटला की वणांची एक नवी खेप. त्यामुळे पुष्कळांसाठी योग्य शेवट म्हणजे स्टेरॉइड शून्यावर किंवा ५ वर आणि अ‍ॅझाथायोप्रिन दीर्घकाळ. तुम्हाला छळतंय ते स्टेरॉइड, ते बऱ्यापैकी खाली येऊ शकतं. ‘सगळं बंद करू का’ ऐवजी डॉक्टरांना असं विचारा: ‘स्टेरॉइड किती खाली नेता येईल आणि त्यासाठी अ‍ॅझाथायोप्रिन वाढवावं लागेल का?’ बायोप्सीत सिरोसिस नसेल तर प्रेडनिसोलोनऐवजी ब्युडेसोनाइड हे दुसरं स्टेरॉइडही विचारून बघा. त्याचा बराचसा भाग पहिल्याच फेरीत यकृतात मोडला जातो, त्यामुळे बाकी शरीराला कमी त्रास होतो. सिरोसिस असताना मात्र ते चालत नाही, कारण रक्त यकृताला वळसा घालून जातं.

झोपेचं उत्तर कदाचित तुमच्या वेळापत्रकातच आहे. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी चढतं आणि रात्री उतरतं. रात्री ५ मिलिग्रॅम घेणं म्हणजे झोपायच्या वेळी शरीराला सकाळ झाल्याचं सांगणं. दोन्ही गोळ्या सकाळी आठच्या सुमारास नाश्त्यानंतर एकत्र घेतल्या तर चालेल का, हे फोनवरही विचारता येईल. बहुतेक वेळा चालतं. चेहऱ्याचा गोलवा डोस ५ च्या आसपास आला की काही महिन्यांत उतरतो. वजन आपोआप उतरत नाही, कारण ते स्टेरॉइडने वाढवलेल्या भुकेतून आलेलं असतं. त्याला चालणं आणि रात्रीच्या ताटातला भात कमी करणं, एवढाच उपाय.

साखर तपासताना फक्त उपाशीपोटी तपासू नका. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपार-संध्याकाळची साखर चढवतं, उपाशीपोटीची नॉर्मल दिसते आणि माणूस फसतो. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांची करा. हाडांसाठी दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५०, पेलाभर दुधात २४० च्या आसपास, उरलेलं गोळीतून, सोबत ‘ड’ जीवनसत्त्व. डेक्सा नावाची हाडांच्या घनतेची तपासणी एकदा करून घ्या आणि वर्षातून एकदा डोळे दाखवा, मोतीबिंदू आणि डोळ्यातल्या दाबासाठी.

अ‍ॅझाथायोप्रिनची नजर पांढऱ्या पेशींवर. सुरुवातीचे दोन महिने आठवड्या-दोन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मग दर तीन महिन्यांनी, तेही औषध चालू आहे तोवर. आकडा ४,००० च्या खाली गेला तर पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांशी बोला. काहींच्या शरीरात हे औषध मोडणारी विकरं जन्मतः मंद असतात. ते शोधायला टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या चाचण्या आहेत आणि आशियाई लोकांत दुसरी जास्त महत्त्वाची ठरते. ताप १००.४ च्या वर गेला तर वाट न पाहता सीबीसी. घरात कुणाची युरिक अ‍ॅसिडची गोळी, अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट, चुकूनही घेऊ नका: तिच्यामुळे अ‍ॅझाथायोप्रिन अंगात साठतं आणि अस्थिमज्जा बंद पडू शकते.

तुम्ही शाळेत आहात म्हणून एक वेगळी सूचना. वर्गात कांजिण्या निघाल्या आणि तुम्हाला लहानपणी आल्या नसतील, तर पुरळ येण्याची वाट पाहू नका, मुलाला पाहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला या जिवंत लशी सध्या घ्यायच्या नाहीत. फ्लू, न्यूमोकोकल, हेपॅटायटिस ए च्या लशी निर्जीव असतात, त्या चालतात आणि घ्याव्यात. पावसाळ्यात पाणी उकळूनच. हेपॅटायटिस ई गढूळ पाण्यातून येतो आणि त्याच्यासाठी आपल्याकडे लस सर्रास मिळत नाही.

आता काढा. गुळवेलीबद्दल घरात आदर आहे, तो समजतो. पण २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर त्यांना कावीळ झाली होती आणि बायोप्सी ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती नीट ओळखलेली नसावी, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात यकृताला घातक आहे. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली, निम्म्याहून अधिक स्त्रिया. गुळवेल लिम्फोसाइट आणि भक्षक पेशींना चेतवते, हे तिच्या बाजूने सांगितलं जातं. ज्याच्या फौजेची ओळख आधीच डळमळीत आहे, त्याच्यासाठी तोच गुण धोक्याचा. वनस्पती कुठली हा वाद बाजूला ठेवला तरी तुम्ही ती पुन्हा घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. अश्वगंधा किंवा ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून मिळणारी मिश्र चूर्णंही नकोत, कारण पुढचं एसजीपीटी चढलं तर आजार उलटला की चूर्णाने केलं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आणि डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगा. रागावतील म्हणून लपवू नका, कारण यात तुमचा फायदा असू शकतो. औषधाने किंवा वनस्पतीने पेटवलेला ऑटोइम्यूनसारखा दाह आणि स्वतःहून सुरू झालेला आजार, दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखे दिसतात. पण पहिल्या प्रकारात कारण दूर केल्यावर स्टेरॉइड हळूहळू काढून घेता येतं आणि बरेच जण पुन्हा आजारी पडत नाहीत. दुसऱ्यात दीर्घ उपचार लागतात. काही जणांत आजार आत दबा धरून असतो आणि काढा फक्त त्याला बाहेर काढतो. तुमचं कुठलं, हे मी इथून सांगू शकत नाही आणि याच्या जोरावर गोळ्या कमी करू नका. फायब्रोसिसची ती ओळ, आयजीजी किती लवकर उतरलं आणि काढा कधी सुरू-बंद झाला, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तरच डॉक्टरांना ठरवता येईल. कागदावर लिहून न्या: कुठल्या महिन्यात सुरू केला, रोज किती, वेल कुठून आणली, सोबत आणखी काय घेत होतात, शेवटचा कधी घेतला. वेल परसात असेल तर पानाचा आणि खोडाचा फोटो काढा.

सासूबाईंना पुढच्या वेळी सोबत घेऊन जा. त्यांना डॉक्टरांपुढे बसून प्रश्न विचारू द्या आणि बायोप्सीतल्या त्या कुरतडलेल्या बांधाबद्दल तुम्ही स्वतः सांगा. शेताच्या भाषेत सांगितलं की त्यांना ते चटकन कळेल. रोज पहाटे उठून कांडं ठेचायचं काम त्या मायेनेच करत होत्या. त्याच वेळी नाचणीची आंबील त्या करू शकतात, सकाळच्या दोन्ही गोळ्यांआधीचा नाश्ता म्हणून.